पटावरचा जादा मुलगा

चौदा जून, शनिवार, दुपारचे चार. रक्कम साडेतीन हजार रुपये. हजर: मी, माझी पत्नी, नुकतीच बारावी झालेली मुलगी, रोह्याहून आलेला माझा आतेभाऊ आणि त्याने बरोबर आणलेले एक निवृत्त गुरुजी. जागा पेणमधले, रामवाडीतले आमचे घर. एवढे मी त्याच संध्याकाळी डायरीत लिहून ठेवले. उद्या कोणी म्हणाले की आकडा वेगळा ठरला होता, तर आपल्याजवळ काही असावे.

मुलीला फार्मसीला जायचे होते. तिचे गुण आणि कॉलेजची फी पाहता राखीव गटातून जागा मिळाली तरच ते जमणार होते, आणि त्यासाठी जातपडताळणीचे प्रमाणपत्र लागत होते. समितीने आमचा अर्ज त्रुटी काढून ठेवला होता. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहिले आहे. पुढे ‘कुणबी’ लिहायचा त्या वेळच्या मास्तरांना कंटाळा आला असावा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यातला आणखी जुना पुरावा पंधरा दिवसांत द्या, असे पत्र आले होते. त्यातले चार दिवस संपले होते.

गुरुजींनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली. रोह्याजवळच्या आमच्या मूळ गावच्या शाळेतल्या रजिस्टरचे पान, स्वातंत्र्याच्या चार वर्षे आधीचे. सगळे मोडीत. मला त्यातले एक अक्षर लागेना. गुरुजींनी एका ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवले: मुलाचे नाव, बापाचे नाव, जात हिंदू कुणबी, धंदा शेती. बापाचे नाव माझ्या आजोबांचे होते.

“ही तुमच्या आत्यांची नोंद,” गुरुजी म्हणाले.

“वर काय लिहिलंय?”

“सरकारी मराठी मुलांची शाळा.”

“मुलांच्या शाळेत आत्या कशी?”

गुरुजींनी आतेभावाकडे पाहिले. तो धाटावला कंपनीत आहे, रात्रपाळी करून आला होता, त्याचे डोळे तांबारले होते. तो म्हणाला, “दादा, आयेचं घरातलं नाव हेच हाय ना. तुला म्हाईत हाय.”

नाव तेच होते, हे खरे. पण ते नाव असे आहे की पुढे ‘बाई’ लावले तर मुलीचे आणि नुसते ठेवले तर मुलाचे. इथे नुसते होते. मुलगा की मुलगी याला रकानाच नव्हता. मुलांच्या शाळेत तो असायचे कारण नाही. आजोबांना मुलगा एकच, माझे वडील, आणि त्या साली ते जन्मलेलेही नव्हते. म्हणजे कागदावर माझ्या आजोबांना एक जादा मुलगा निघत होता. त्याला आत्या ठरवून वंशावळीत बसवायचे आणि त्या वंशावळीखाली प्रतिज्ञापत्रावर सही करायची ती मी. खोटे ठरले तर मुलीची जागा जाईल आणि गुन्हा माझ्यावर.

मी विचारले, “साडेतीन हजार कसले?”

“शोधायचे, वाचायचे आणि मराठीत उतरवून माझ्या सहीशिक्क्याने द्यायचे. मोडी वाचनाचा सरकारी दाखला आहे माझ्याकडे.”

“तीन का नाहीत? चार का नाहीत?”

“दादा,” आतेभाऊ म्हणाला.

“विचारू द्या,” गुरुजी म्हणाले. “मी आगाऊ काही मागत नाही. काम झाल्यावर द्या. झेरॉक्स ठेवा, पाहिजे त्याला दाखवा.” ते उठले. त्यांचा अर्धा चहा कपातच राहिला.

ते गेल्यावर पत्नी म्हणाली, “माणूस सरळ वाटतो.”

“म्हणूनच,” मी म्हणालो.

मी तीस वर्षे भातगिरणीत हिशेब पाहतो. माझा अनुभव असा की आकड्याच्या शेवटी पाचशेचे शेपूट असले, तर ते बहुधा मध्यस्थाचे असते. इथे मध्यस्थ एकच होता, माझा आतेभाऊ. त्याला पैशाची गरज आहे हे मला माहीत होते. घराच्या पत्र्यासाठी त्याने गेल्या वर्षी माझ्याकडे उसने मागितले होते आणि मी दिले नव्हते. त्या रात्री मी मुलीला सांगितले, हा कागद आपण लावायचा की नाही ते अजून ठरलेले नाही. तिने समितीचे पत्र टेबलावरून उचलून फ्रीजवर चुंबकाने लावले, मला येताजाता दिसेल असे.

सोमवारी मी पेणमध्येच दुसरा मोडी वाचणारा गाठला. गिरणीच्या मालकांच्या ओळखीचा, म्हणून भरवशाचा. त्याने दहा मिनिटांत वाचले आणि तीनशे रुपये घेतले. वाचन तेच निघाले. एक गोष्ट मात्र त्याने जास्त सांगितली: शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण ‘घरकाम’ असे होते. आजूबाजूच्या सगळ्या मुलांची कारणे ‘शेतकाम’, ‘गुरे राखणे’, एकाचे ‘मुंबईस गेला’. ‘घरकाम’ एकट्याचेच. पण नोंद बनवणारा हुशार असेल तर तो हेही योजून लिहील, असे मला वाटले.

मंगळवारी रजा टाकून मी थेट शाळेत गेलो. कोणालाही कळवले नाही. शाळा आता जिल्हा परिषदेची आहे, पोरे-पोरी मिळून तेवीस. मुख्याध्यापिकांनी लोखंडी पेटी उघडली आणि कापडात बांधलेले रजिस्टर माझ्यासमोर ठेवले.

“गेल्या आठवड्यातले गुरुजी तुमचेच का? तीन दिवस इथे बसून होते. धुळीने शिंकून शिंकून त्यांचा घसा गेला.”

“एकटेच होते?”

“रोज एक जण मोटारसायकलवर सोडून जायचा. संध्याकाळी न्यायला यायचा. कंपनीचा शर्ट असायचा अंगात.”

मी पान काढले. मागून घुसवलेली नोंद मला कळते. गिरणीच्या वहीत मी अशा दोन पकडल्या आहेत. ती दोन ओळींच्या मध्ये दाटीने बसते, नाहीतर पानाच्या तळाशी. इथे आमची ओळ पानाच्या मधोमध होती. वरचा, आमचा आणि खालचा अनुक्रमांक ओळीने एकापुढचा एक, शाई एकच, हात एकच. कागद मी उजेडात धरला. खरवडलेले कुठे नव्हते. नोंद खरी होती. पण खरी नोंद आत्याचीच, हे त्यावरून ठरत नव्हते.

शाळेच्या दगडी जोत्यावर अजून जुनी पाटी आहे: मुलांची शाळा. ती वाचताना मला आत्याचे एक वाक्य आठवले. ‘मी मुलांच्या शाळेत शिकलेय,’ असे ती आम्हाला लहानपणी नेहमी सांगायची. आम्ही म्हणायचो, मग सगळेच मुलांच्या शाळेत शिकतात. मुलांची म्हणजे पोराटोरांची, एवढाच अर्थ आम्ही घेतला. ती कशाचा तोरा मिरवते ते कोणी तिला विचारले नाही.

तिथून रोह्याला आत्याकडे गेलो. वय अठ्ठ्याऐंशी, कान शाबूत. ती ओटीवर वाल सोलत होती. मी कसाबसा विषय काढला, की तुझी शाळा कोणती, मास्तर कोण.

तिने माझ्याकडे नीट पाहिले. “माझी परीक्षा घ्यायला आलायस व्हय?”

“तसं नाय गो आत्या.”

“तसंच हाय. तुझा बापूस पण असाच. दूध आणलंन तर म्हशीला जाऊन विचारायचा.”

मग तिने सांगितले. शाळेचे मास्तर आमच्या पडवीत राहायचे. लावणी आली की पोरे शेतावर, आणि पट खाली यायचा. पट उतरला तर शाळा बंद आणि मास्तरांची बदली. मास्तर आजोबांना म्हणाले, ही पायरीवर येऊन बसतेच आहे, तर पटावर घेतो. घरातले नाव चालण्यासारखे होते, ते लिहिले.

“आणि तपासणीला कोण आलं तर?”

“डिपोटी यायचा ना. त्या दिवशी मास्तर स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवायचे. डोळ्यांवर यायची. डिपोटीने एकदा मलाच उभी केली. औटकी म्हण म्हणाला.”

“म्हटलीस?”

“न म्हणता राहतेय व्हय.”

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मला तो येत नाही, गिरणीत कोणालाच येत नाही. आम्ही यंत्रावर करतो. मी मनातल्या मनात गुणाकार करून ठेवला आणि विचारले, “सतरा औट?”

“साडेएकोणसाठ,” ती म्हणाली. वाल सोलायचे थांबलेसुद्धा नाही. “अजून विचार. एकोणतीस विचार. एकशे दीड.”

एकोणतीस मला मोबाइलवर करावे लागले. बरोबर होते.

“मग शाळा सोडलीस कशी? रजिस्टरात घरकाम लिहिलंय.”

“घरकाम तर आधी पण करतच होते की. वेणी वाढली. टोपीत मावेना.” तिने सूप बाजूला केले. “पोरीचं काम होतंय ना त्या नावावर?”

“होईल. तू प्रतिज्ञापत्र दिलंस तर.”

“देते. आणि त्या गुरुजीला किती देतोयस?”

“साडेतीन हजार.”

“औट हजार,” ती म्हणाली. “बरा आकडा हाय.”

तेवढ्यात आतेभाऊ शिफ्ट संपवून आला. मला ओटीवर पाहून तो उंबऱ्यात थांबला. अंगात कंपनीचा शर्ट होता. तो एवढेच म्हणाला, “जेवून जा.” मी जेवलो. शाळेत जाऊन आलो ते मी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

आत्याने तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र केले. खाली बालबोध अक्षरात सही केली, रजिस्टरात नाव होते तसेच, ‘बाई’ न लावता. कारकुनाने बाई लिहा म्हटले, तर ती म्हणाली की शाळेत नव्हते. शाळेचा उतारा, गुरुजींचे वाचन आणि ते प्रतिज्ञापत्र मी मुदतीच्या दोन दिवस आधी दाखल केले. अलिबागला सुनावणीत मला दोनदा विचारले की मुलांच्या शाळेत मुलगी कशी. मी पट, डिपोटी आणि टोपी सांगितली. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतले. मग आत्याकडे चौकशीला माणूस पाठवला. तिने त्यालाही पाढा म्हणायला लावला, असे आतेभाऊ फोनवर सांगत होता. तीन आठवड्यांनी प्रमाणपत्र आले. मुलीने फ्रीजवरचे पत्र काढले आणि चुंबक परत जागेवर लावला.

त्याच रविवारी मी रोह्याला गुरुजींच्या घरी पैसे घेऊन गेलो. त्यांनी नोटा मोजल्या, त्यातली पाचशेची एक वेगळी काढून पाकिटात घातली आणि त्यावर माझ्या आतेभावाचे नाव लिहिले.

“पेट्रोल,” ते म्हणाले. “सहा फेऱ्या मारल्या त्याने. घेत नव्हता, म्हणून मी आधीच आकड्यात धरले.”

शेपूट मध्यस्थाचेच होते. माझा हिशेब बरोबर होता, तरी मला मान वर करता येईना.

“शाळेत जाऊन आलात, मॅडम म्हणाल्या. बरं केलंत. मीही गेलो असतो.” मग त्यांनी विचारले, “आणि दुसरीकडे वाचून घेतलंत की नाही?”

“घेतलं. पेणमध्ये.”

“किती घेतले?”

“तीनशे.”

“एका पानाचे?” गुरुजींनी पाकीट खिशात ठेवले. “शंभर घेतात हो.”

या वेळी त्यांच्याकडे चहा झाला, दोघांनीही पूर्ण घेतला. घरी येऊन मी डायरीत त्या चौदा जूनच्या पानाखालीच लिहिले: शाळेला उताऱ्याचे वीस रुपये, पावती आहे. गुरुजींना तीन हजार. आतेभावाला पाचशे, गुरुजींच्या हस्ते. पेणच्या भरवशाच्या माणसाला तीनशे, त्यातले दोनशे जादा.