कांताबाईचा बेंजो

हसनाबादच्या कांताबाईला म्हातारपणी जुन्या वस्तूंचा नाद लागला, असं गाव म्हणायचं. म्हणू द्या, गावाचं काय जातंय! कधी भोकरदन, कधी जालना, आणि बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर थेट अंबड. एसटीतून उतरायचं आणि जुन्या सामानाचं दुकान दिसलं की आत शिरायचं. तिथं शहरातले हौशी लोक पितळी घंगाळं घ्यायला आलेले असायचे. घंगाळात म्हणे फुलं ठेवतात. मंग आंघोळ कशात करतात कोण जाणे! कांताबाई त्यांच्या मधून वाकून खालच्या फळ्या धुंडाळायची.

तिला हवा होता नवऱ्याचा बेंजो. हातभर लांब लाकडी पेटी, वर तारा आणि बाजूला टाईपरायटरसारखी बटणं. राजानंद दिवसा दुसऱ्याच्या रानात राबायचा आणि रात्री गायन पार्टीत भीमगीतांना साथ द्यायचा. मागच्या उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि माणूस बसल्या जागी गेला. त्याचा आवाज कुणी मोबाईलमध्ये भरून ठेवला नव्हता. रोज कानाशी असलेला आवाज कोण भरून ठेवतं? पुढं घरकुलासाठी जुनं घर पाडलं, तेव्हा पोरानं, सुमितनं, अडगळ समजून बेंजो भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकला. पोर वाईट नव्हतं.

"माय, नवा घेऊन देतो की," सुमित म्हणाला.

"नव्याला तुझा बाप ठाऊक हाय का?" ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून हिंडायला लागली.

जालन्यात काकासाहेब नावाच्या दुकानदाराकडं, फुटक्या घड्याळांच्या खोक्यामागं, तिच्या हाताला एका पेटीवरचा गार पत्रा लागला. पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'कांताबाई राजानंद, हसनाबाद'. बेंजो हिच्या कापूस वेचणीच्या पैशातून आल्ता, म्हणून त्या येड्यानं भांड्याच्या दुकानात नेऊन त्याच्यावर बायकोचं नाव टाकून आणलं होतं, हंड्यावर टाकतात तसं! पार्टीतले लोक पोट धरधरून हसलेले. कांताबाईनं तिथंच फतकल मारली.

"सापडला गं माय!"

"वाजवून बघा, मावशी," काकासाहेब म्हणाला. "बिलकुल चालू हाय."

तिला एकच चाल यायची, पाळण्याची. पोरं लहान असताना राजानंदनं तिची बोटं धरून शिकवलेली. तिनं तार छेडली. चाल सुरू झाली, चढली आणि सरळ पुढं गेली. कांताबाई थबकली. पुन्हा वाजवली. पुन्हा सरळ.

"इथलं बटण..."

"तुटेल व्हतं. म्या नवं बसवलं. खर्चा झाला, पण चीज कशी बराबर पाहिजे."

कांताबाईचा चेहराच उतरला. ते बटण तिच्या आठवणीत कायम तुटकंच होतं. चाल तिथं आली की राजानंद हात थांबवायचा आणि तेवढा सूर तोंडानं लावायचा. मग पुढं वाजवायचा. पार्टीत तसंच, घरात पोरांच्या उशाशीही तसंच. तिला बेंजो नको होता हो, ती जागा हवी होती!

"काढा ते."

"अवो मावशी, चांगली चीज कुणी बिघडवतं का?"

"पाया पडते तुमच्या. माझं नाव हाय त्याच्यावर. काढा!"

तिचं तोंड बघून काकासाहेबानं पेचकस घेतला आणि बटण काढून दिलं.

कांताबाईनं पदर सावरला आणि पहिल्यापासून चाल धरली. बोटं चढत चढत त्या जागेशी आली. तिनं हात थांबवला, तो थांबवायचा अगदी तसाच. मान वाकडी करून ती ऐकत राहिली. डोक्यावर पंखा खडखडत होता.

"म्हना ना ओ," ती हळूच बोलली. "म्हना की!"

काकासाहेबाला वाटलं, आपल्यालाच म्हणतात. "काय म्हनू, मावशी?"

मग मात्र बाई जी रडली! काकासाहेब पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा. मातीच्या दिवशी ही रडली नव्हती, जलदानाच्या विधीला रडली नव्हती. बाया एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या, की दगडाची हाय का काय. दगडाची कशाला असेल! तो गेलाय हे तिला आत्ता कळत होतं.