बयाबाईचं चार घमेली खत

कुणी शहाणपण शिकवायला आलं की बयाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि त्या वर्षी तर विद्यापीठाची बारा पोरं एकदमच आली. कराडात नदीकडच्या गल्लीत तिचं दोन खणांचं घर, मागं दोन म्हशी आणि म्हशींच्या मागं उकिरडा. त्या उकिरड्याच्या जिवावर नदीकाठची पाच गुंठं वांगी पिकायची, आणि वांग्यांच्या जिवावर बयाबाई. नवरा गेल्यापासून तिनं कुणापुढं हात पसरला नव्हता.

पोरांच्या अंगात एकसारखे हिरवे टी-शर्ट, प्रकल्पाचं नाव ‘शाश्वत गल्ली’. नाव एवढं मोठं की गल्लीच पुरेना! त्यांचा पुढारी पृथ्वीराज. त्यानं गल्लीच्या तोंडाशी ओल्या कचऱ्याची दोन निळी पिंपं मांडली आणि उकिरडा बघून नाक मुरडलं.

“आजी, हे अस्वच्छ आहे. दोन महिन्यांत हटवावं लागेल, नगरपालिकेशी बोलणं झालंय.”

“हटवा की! आन् वांगी काय तुमच्या डोक्यावर लावू?”

तरी बाईची जात, राहवलं नाही. “पिंपात शेण कालवा रं. अधनंमधनं उलथंपालथं करा, वारं लागू द्या,” तिनं सांगितलं. पोरं हसली. म्हणे शास्त्रीय पद्धत! वास बाहेर येऊ नये म्हणून त्यांनी झाकणं दाबून बसवली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. बुकं शिकली, अक्कल कुठं मिळायची? उन्हानं पिंपं तापली. दीड महिन्यानं एकाचं झाकण काढलं तर आत काळं पाणी, वळवळत्या अळ्या आणि असा भपकारा, की कुत्रीसुद्धा वाट बदलायला लागली.

मग पृथ्वीराज मागच्या दारानं आला, सोबत राजेश्वरी नावाची त्यांच्यातलीच पोरगी. “आजी, चार घमेली खत द्याल? परवा विद्यापीठाचे मोठे साहेब बघायला येणारेत. आमचे मार्क त्यावर आहेत.”

“देती. पर माझ्या उकिरड्याला हात लावायचा न्हाई. सायबाला तसं सांगायचं, सगळ्यांदेखत.”

“शब्द देतो, आजी.”

खुळी बयाबाई! तळातलं दोन वर्षं मुरलेलं खत तिनं काढलं, चाळलं आणि पोरांनी धुतलेल्या एका पिंपात स्वतःच्या हातानं ओतलं. दुसऱ्या पिंपातली घाण तशीच पट्टीखाली राहिली.

साहेब आले. मूठभर खत उचलून त्यांनी हुंगलं. “वा! दीड महिन्यात असं सोनं?” फोटो निघाले, टाळ्या झाल्या. साहेब आणखी फुलले. “मग मागचा तो उकिरडा कशाला ठेवलाय? उद्याच उचला. तिथं आणखी पिंपं बसवा.”

बयाबाईनं पृथ्वीराजाकडं बघितलं. राजेश्वरीनं त्याला कोपरानं ढोसलं. तो म्हणाला, “नक्की, सर.”

बयाबाईचा जीव जळून गेला. तिनं पदर खोचला, घमेलं आणलं आणि सगळ्यांदेखत पिंपातलं खत उपसायला लागली.

“आजी, हे काय करता?” साहेबांनी विचारलं.

“माझं हाय, म्या मुरवल्यालं. ह्यांचं बघायचं आसंल तर हे बघा!” तिनं दुसऱ्या पिंपाची पट्टी टरकन ओढली. झाकण उडालं तसे सगळे चार पावलं मागं सरले.

बयाबाई भरलेलं घमेलं घेऊन साहेबांपुढं उभी राहिली.

“ती मूठ बी टाका हितं.”

साहेबांनी गुपचूप मूठ सोडली. उकिरडा उचलायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.