तानूबाईचा पगार

कतारच्या दोह्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न गाव कुठलं, आणि दुसरा पगार किती. यात कुणाला लाज वाटत नाही आणि वाटायचं कारणही नाही, पगारासाठीच तर सगळे आलेले. पाटणकडचा निवृत्ती या बाबतीत भलताच धीट. कंपनीची गाडी चालवायचा, पण मागं बसलेल्या साहेबालासुद्धा सोडायचा नाही.

दोन हजार पाच साली त्याच्या गाडीत हॉलंडचा एक इंजिनियर आला. यान साहेब म्हणायचे त्याला. समुद्रात भर घालून द पर्लचं बेट तयार होत होतं, तिथं त्याचं काम. रोज सकाळी अल दुहैलमधल्या साहेब लोकांच्या कंपाउंडातून त्याला घ्यायचं आणि साइटवर सोडायचं. आठवडा झाला नसेल, तोवर निवृत्तीनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलंच, "सर, तुमच्या देशात ड्रायव्हरला किती?"

साहेब हसला नाही. ड्रायव्हरचं नक्की ठाऊक नाही म्हणाला, पण तेवीस वर्षांच्या पुढच्या कुणालाही, मग तो झाडूवाला का असेना, पूर्ण वेळ कामाला महिन्याला साडेबाराशे युरोच्या खाली देता येत नाही. तसा कायदाच आहे. सरासरी पगार तर त्याच्या दुपटीच्या आसपास.

झालं. निवृत्तीच्या डोक्यात गुणाकार सुरू. गल्फमधल्या माणसाला ही खोडच लागते. चहा असो नाहीतर साहेबाचा बूट, आधी त्याचे रुपये करायचे. युरोचे पंचावन्न धरले तरी अडुसष्ट हजारांच्या वर. झाडूवाल्याला. त्याचा स्वतःचा पगार बाराशे रियाल, म्हणजे साडेचौदा हजारसुद्धा नाही.

"रूम कंपनीची असेल?" त्यानं विचारलं.

"नाही. भाडं ज्याचं त्यानं भरायचं. टॅक्स वेगळा."

"जेवण?"

"स्वतःचं."

"आणि दोन वर्षांनी गावाला जायचं तिकीट?"

साहेब गोंधळला. "कुठल्या गावाला? तो घरीच असतो ना."

निवृत्तीनं सिग्नलला गाडी थांबवली. अडुसष्ट हजारांपेक्षा त्याला हे जास्त लागलं. मग त्यानं विचारलं, हा आकडा ठरवतात तरी कसा? साहेबानं जरा विचार केला. "माणसाला जगायला काय लागतं ते आधी बघायचं, असं काहीतरी सुरुवातीला होतं," तो म्हणाला. हे मात्र निवृत्तीनं बरोबर ध्यानात ठेवलं.

कारण पुढच्याच महिन्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. घरी वडिलांचं एक अंग गेलेलं, तीन वर्षं अंथरुणावर. बायको संजीवनी अंगणवाडीत जायची, म्हणून म्हाताऱ्याचं सगळं, अंघोळीपासून कूस बदलण्यापर्यंत, शेजारची तानूबाई बघायची. ती होती म्हणून संजीवनीची नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर ती होती म्हणूनच निवृत्ती दोह्यात होता.

कंपनीच्या अल मन्सूरातल्या ऑफिसात रहमानभाईंकडं नव्या कॉन्ट्रॅक्टच्या सह्यांचं काम. रहमानभाई चिपळूणचे, म्हणजे मराठीत बोलायची सोय. निवृत्तीनं सरळ सोळाशे मागितले.

"इंडियन ड्रायव्हरचा रेट बाराशे आहे, निवृत्ती."

"फिलिपिनो ड्रायव्हरला सतराशे देता की. गाडी तर तीच चालवतो."

"त्याचा पासपोर्ट वेगळा. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्याला माझ्या तिप्पट आहे, मी कुणाला विचारू? तुला सोळाशे दिले तर उद्या चाळीस ड्रायव्हर माझ्यापुढं उभे राहतील." रहमानभाईंनी मान वर न करता पुढचं सांगितलं, "शंभर वाढवून देतो. पण शुक्रवारी दुपारपर्यंत ड्यूटी करावी लागेल. बोल, खलास करूया?"

निवृत्तीनं गपगुमान सही केली. आठवड्याची एकुलती एक सुट्टी, ती अर्धी विकली. जिना उतरताना त्यानं रेट ठरवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, मनातल्या मनात.

पहिल्या शुक्रवारची ड्यूटी आटोपून तो रूमवर आला आणि फोनकार्ड खरवडून घरी फोन लावला. संजीवनी वाटच बघत होती.

"अहो, तानूबाई सहाशे रुपयांवर राहायला तयार नाही. हजार मागतीय. नाहीतर सोडते म्हणती."

"गावात रेट काय चाललाय?"

"सहाशेच. पाचशेतसुद्धा कोणतरी मिळंल."

"मग सहाशेच्या वर कशाला..." एवढं बोलून तो थांबला. शब्द त्याचे होते, पण बोलणं थेट रहमानभाईंचं. त्याला स्वतःचीच शरम वाटली. अख्ख्या दोह्याला पगार विचारत हिंडणारा हा माणूस, आपल्या बापाचं हगणं-मुतणं काढणाऱ्या बाईचं सहाशेत कसं भागतं हे त्यानं तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"तिला महिन्याला लागतं काय काय? सांग बरं," तो म्हणाला.

संजीवनी आधी वैतागली, मग सांगू लागली. ज्वारी, तांदूळ, तेल, रॉकेल, बीपीच्या गोळ्या, नातीचा एसटीचा पास. सहाशे कुठल्या कुठं मागं पडले. तेराशेच्या पुढं गेल्यावर तिचाही आवाज उतरला.

"चौदाशे सांग तिला."

"डोकं फिरलंय का तुमचं? तिनं हजार मागितलेत. उद्या सगळ्या आळीच्या कामवाल्या वाढवून मागतील, लोक आपल्याला नावं ठेवतील."

"ठेवू देत. वाढलेल्या शंभर रियालचे बाराशे होतात, त्यातले आठशे तिला. फोन दे तिच्याकडं."

तानूबाई आतच होती, म्हाताऱ्याला पेज भरवत. हात पुसून ती फोनवर आली. निवृत्तीनं आकडा सांगितला. कार्डातले पैसे पळत होते.

"मावशी, ऐकलं का?"

"ऐकलं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मग त्यात वाढीव काय करायचं? रातच्याला बी वस्तीला यायचं का?"

निवृत्तीला अल मन्सूरातलं टेबल आठवलं, शंभर रियालसाठी सही केलेला कागद आठवला. तो म्हणाला, "काय नाय मावशी. करताय तेवढंच."

तानूबाईला ते खरं वाटेना. तिनं संजीवनीकडं बघून पुन्हा तेच विचारलं.