आसगावची विहीण

नागपूरहून भंडाऱ्याच्या एसटीत चढले तेव्हा माझ्या हातात पेढ्यांचा खोका होता, पिशवीत एक निळी साडी होती आणि डोक्यात एकच प्रश्न होता. नितेश परत येणार की नाही?

आधी माझ्याविषयी सांगते. मुंबईतल्या एका सिम्फनी ऑर्केस्ट्राची मी मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. हे ऐकलं की लोक हमखास विचारतात, तुम्ही काय वाजवता? काहीच नाही. हातात छडी घेऊन वादकांसमोर उभे राहणारे गृहस्थ वेगळे. मी सभागृह मिळवते, देणगीदारांच्या मिनतवाऱ्या करते, परदेशी पाहुण्यांच्या व्हिसासाठी खेटे घालते. व्हायोलिनवाल्यांना एसी बोचतो आणि ट्रंपेटवाल्यांना पुरत नाही, हे भांडणही मीच मिटवते. लग्नघरात एक काकू असतात बघा, सगळीकडे धावणाऱ्या आणि एकाही फोटोत नसणाऱ्या. ती मी.

नितेश आमचा मुख्य क्लॅरिनेटवादक. पवनी तालुक्यातल्या आसगावचा. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्याकडून तो शिकला, पुढे नागपुरात आणि मग आमच्याकडे आला. त्या वर्षी पावसाळ्यात वडील गेले, म्हणून तो गावी गेला आणि तिकडचाच झाला. फोन केला की म्हणायचा, "येतो मॅडम." मग दिवाळीत निरोप आला. आई एकटी आहे, माझ्या जागी दुसरं कुणी पाहा.

हिवाळ्यातल्या आमच्या मोठ्या मैफिलीत एक संथ भाग आहे. तो एकट्या क्लॅरिनेटने सुरू होतो. विश्वस्तांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, या आठवड्यात त्याचा होकार आणा, नाहीतर ती खुर्ची दुसऱ्याला द्या. त्यांचंही चूक नव्हतं. पण नितेश तो भाग सुरू करायचा तेव्हा मी हातातली कामं टाकून विंगेत येऊन उभी राहायची, आणि हे मी कुठल्या बैठकीत सांगणार? म्हणून स्वतःच निघाले.

शहापूर गेलं, भंडारा आलं. तिथे पवनीची गाडी पकडली. गाडी माणसांनी फुलून गेली होती. नव्या कपड्यातली मुलं, डोक्याला तेल चोपडलेले म्हातारे, कडेवर लेकरं घेतलेल्या सासुरवाशिणी. शेजारच्या बाईंना विचारलं, आज काय विशेष?

"मंडई नाई का जी!" त्या म्हणाल्या. "दिवाळी झाली का गावोगाव मंडई. आज आसगावची. तुमी कोठून आल्या?"

मंडई म्हणजे इथे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर एकेक गाव आपापला दिवस ठरवतं. त्या दिवशी जत्रा भरते, दंडार (नाच, गाणी आणि सोंगांचा खेळ) होते, लेकी माहेरी येतात आणि घरोघरी पाहुण्यांची पंगत बसते. बाई सगळं समजावून सांगत होत्या आणि तेवढ्यात त्यांनी आपली उसाची मोळी निश्चिंतपणे माझ्या पेढ्यांवर टेकवली. खोका एका बाजूने पार चेपला. त्यांनी ओशाळून मला एक ऊस दिला. त्यामुळे पुढचा प्रवास ऊस, साडी आणि चेपका खोका असा झाला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापायला आला होता. कुठे कापून आडवा पडलेला, कुठे अजून उभा, पिवळाधमक. मध्येच एखादी बोडी (लहान तलाव) लागायची आणि तिच्या पाळीवर बगळे उभे असायचे. मुंबईत मला सगळीकडे काही ना काही ऐकू येत असतं. इथे बसचा घरघराट थांबला की कान नुसते मोकळे व्हायचे.

पवनीहून ऑटो करून आसगावला पोचले. नितेशचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली. नितेश मंडपाच्या कामाला गेला होता. पण मी दारात दिसताच घरात एकच धांदल उडाली. कुणी पाय धुवायला पाणी आणलं, कुणी खुर्ची झटकली. पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ समोर येऊन बसले. ते नितेशचे मामा. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खोक्यावर, खोक्यावरून पिशवीतून डोकावणाऱ्या साडीवर गेली आणि ते प्रसन्न हसले.

"कोठून आल्या जी?"

"मुंबईहून. नितेशसाठी आले."

"समजलं, समजलं," मामा म्हणाले. "पोरगा आमचा लाखात एक हाय. सुपारीचंही व्यसन नाई. शेती हाय, घर हाय. तुमचं काय म्हननं हाय?"

मला वाटलं, गावात बोलण्याची हीच रीत असेल. मी सरळ मुद्द्यावर आले. "त्याने आता मुंबईलाच राहावं, आमच्याकडे. त्याची सगळी व्यवस्था आम्ही करू."

मामांचं हसू मावळलं. दाराआडून ऐकणाऱ्या बायकांच्या बांगड्याही थांबल्या.

"म्हंजे घरजवाई?" मामा हळूच म्हणाले. "एकुलता एक पोरगा हाय जी. असं कसं जमन?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बसमधल्या बाई म्हणाल्या होत्या, मंडईला पाहुणे जमतात तेव्हाच इकडे सोयरिकीची बोलणी निघतात. मिठाई आणि साडी घेऊन दारात आलेली अनोळखी बाई मुलीची आई नाही तर कोण असणार? मला मुलगीच नाही, हे सांगावं की आधी पेढे द्यावेत, हेच कळेना.

तेवढ्यात नितेश आला. मला पाहून जागीच थबकला. "मॅडम? तुम्ही?"

मग दाराआडून त्याची आई, शेवंताबाई, बाहेर आल्या. लहान चण, कपाळ मोकळं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"ह्याच तुया मॅडम?" त्यांनी लेकाला विचारलं आणि माझ्याकडे वळल्या. "तुमीच काढलं न माह्या पोराले कामावरून?"

"काढलं? अहो, आम्ही त्याची वाट पाहतोय! खुर्ची रिकामी ठेवलीय त्याची."

नितेश मान खाली घालून उभा होता. हळूहळू उलगडा झाला. त्याने आईला सांगितलं होतं, सुट्टी आहे. एवढी लांब सुट्टी कोण देतो? आईने मनाशी ठरवलं, पोराची नोकरी गेली आणि तो लाजेने सांगत नाही. म्हणून ती त्याच्यासाठी मुलगी शोधायला लागली, निदान घर तरी भरावं. आणि इकडे त्याला वाटत होतं, आईला आपण जवळच हवे आहोत. दोघं एका ताटात जेवत होती आणि एकमेकांना जपण्याच्या नादात एक अक्षर बोलत नव्हती.

"मले इचारलं कावून नाई?" शेवंताबाई म्हणाल्या. आवाज चढा नव्हता.

"तू एकटी पडशील, आई."

"अन् तू मुका झाला ते? पावसाळ्यापासून घरात वाजवत नाई हा, मॅडम. म्हन्ते, वाजवलं त मले ह्याचा बाप आठवन. न वाजवल्यानं जास्त आठवते रे!"

मग मामांनी तोडगा काढला. "आधी जेवा." नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ, वांग्याची झणझणीत भाजी. डोळ्यांत पाणी आलं ते भाजीमुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं.

जेवणानंतर शेवंताबाई मला परसात घेऊन गेल्या. खाटेवर बसवलं आणि समोर बसून विचारायला लागल्या. तिथे पोरगा कोणाच्या हातचं जेवतो? ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवतं? तुमच्यात भांडणं फार होतात का? त्याला कोणी टाकून बोलतं का? विश्वस्त मला विचारतात ते तिकिटांचं, जाहिरातींचं. हे प्रश्न मला आजवर कुणी केले नव्हते. मला कळलं, लेक द्यायच्या आधी सासरच्या माणसांना पारखतात, तशा या मला पारखताहेत. मी खरं तेच सांगितलं. डबा येतो, बरा असतो. भांडणं होतात, मीच मिटवते. ताप आला तर शेजारच्या खुर्चीवरचा बासून (खर्जातलं एक लांब वाद्य) वाजवणारा घरी घेऊन जाईल, तो भला माणूस आहे. टाकून कुणी बोललं तर गाठ माझ्याशी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "न्या मंग. पन लेक देतो तसा देऊन राहिली मी. लेकीले माहेरी धाडा लागते. रोवण्याले (धानाच्या लावणीला) अन् मंडईले हा घरी पायजे. दर साली."

"मंडई कोणत्या तारखेला असते?"

"तारीख गाव ठरवते. दिवाळी झाल्यावर."

मी डोक्याला हात लावला. आमचं वेळापत्रक वर्षभर आधी छापलं जातं. सभागृह, पाहुणे, विमानं, सगळं त्यावर टांगलेलं. आणि या बाई म्हणत होत्या, दिवाळी होऊ द्या, मग गाव सांगेल. कुठल्याही शहाण्या अधिकाऱ्याने यावर होकार दिला नसता.

"धाडीन," मी म्हटलं.

दुपारी दंडार उभी राहिली. ढोलकी, टाळ, रंगवलेले चेहरे, भोवती गावच्या गाव. नितेश गर्दीच्या कडेला हात बांधून उभा होता. शेवंताबाई घरात गेल्या आणि वडिलांचं क्लॅरिनेट घेऊन आल्या. लेकाच्या हातात दिलं आणि मागे न पाहता बायकांत जाऊन उभ्या राहिल्या. त्याचे पहिले दोन स्वर फाटले. तिसऱ्याला ढोलकीवाल्याने हसून त्याला आपल्या तालात ओढून घेतलं. माझ्यासमोर त्याने इतक्या मोकळेपणी कधी वाजवलं नव्हतं. शेवंताबाई डोळे पुसत नव्हत्या, वाहू देत होत्या. मीही तेच केलं, आणि या वेळी भाजीचं नाव सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितेश आणि मी निघालो. शेवंताबाईंनी मी आणलेली निळी साडी नेसली होती. माझ्या पदरात त्यांनी नवे तांदूळ घातले आणि म्हणाल्या, "ईनबाई, पोचल्यावर फोन करा." ईनबाई म्हणजे विहीणबाई. मामा हसले, नितेश लाजला, आणि मला वाटलं, ज्या पदासाठी मी कधी अर्ज केला नव्हता, ते मिळालं.

मैफल झाली. संथ भाग कसा झाला ते विचारू नका, मी विंगेतच होते, भरल्या डोळ्यांनी. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मांडताना रोवण्याचे आणि दिवाळीनंतरचे मंडईचे सगळे दिवस मी कोरे ठेवले. विश्वस्तांनी चष्म्यावरून पाहिलं, कारण विचारलं. मी म्हटलं, आमच्या क्लॅरिनेटचं माहेरपण आहे. बराच वाद झाला. शेवटी ते दिवस कोरेच राहिले.

यंदाची दिवाळी सरली आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"ईनबाई, मंडई ठरली," शेवंताबाई म्हणाल्या. "पोराले धाडा."

"धाडते."

"अन् तुमी?"

माझी आई जाऊन खूप वर्षं झाली. तिच्यामागे घरही राहिलं नाही. दिवाळीनंतर मला कुणी बोलावत नाही आणि मलाही त्याची सवय झाली आहे, असं मी समजत होते.

"माहेरी एकटं येत नसते बाई," त्या म्हणाल्या. "तिले आनाले जा लागते. नितेशले सांगितलं मी, मॅडमले घेऊनच ये."

मी मान वर केली. दारात नितेश उभा होता, एका खांद्यावर क्लॅरिनेटची पेटी, आणि दुसरा हात माझी बॅग घ्यायला पुढे केलेला.