चाफ्याचा वास आणि खारा बांगडा

"चाफ्याचा वास येतोय क रं?"

तिने असं विचारलं की आगरदांड्याच्या धक्क्यावर दोन गोष्टी एकदम व्हायच्या. शेजारची कोळीण तिच्या हातातला कोयता काढून घ्यायची आणि कोणीतरी नारळ आणायला धावायचं. आसपास चाफ्याचं एकही झाड नव्हतं. समोर वाळत घातलेली मासळी, मागे खाडीचा चिखल, आणि मधे ही बाई नाक वर करून हसत बसलेली.

मग ती आडवी व्हायची. हातपाय ताठ, तोंडाला फेस. दोन-तीन मिनिटांत सगळं शांत. हा आजार की अंगात आलेली आई, याचा निकाल कोळीवाड्यात कधी लागला नव्हता, म्हणून लोकांनी दोन्ही बाजू सांभाळल्या होत्या. नाकाला कांदा, पायाशी नारळ. शुद्धीवर आली की ती दोन्ही टोपलीत टाकायची. "कालवनाचं झालं," म्हणायची.

एरवी तिच्यासारखी भांडखोर बाई तुम्हीही क्वचितच पाहिली असेल. दिघीच्या होडीवाल्याशी तर तिचं रोजचं. एकदा तो आठ दिवस तापाने पडला, तेव्हा त्याच्या वाट्याची भांडणं तिने त्याच्या मेव्हण्याशी केली. खंड पडू दिला नाही.

मी तेव्हा तिथल्या दवाखान्यात नवा कंपाउंडर होतो. बाटलीवर लेबल सरळ चिकटवता येतं, म्हणजे सगळं वैद्यकशास्त्र आपल्या खिशात, असं वाटण्याचं ते वय. एके सकाळी तिची सून तिला घेऊन आली. झटका आला तेव्हा ती चुलीपाशी होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

डॉक्टर म्हणाले, "हे फेफरं. मेंदूचा आजार आहे. उद्या पाण्यात पडलीस तर जीव जाईल." त्यांनी ब्रोमाईडचं मिक्श्चर लिहून दिलं. "आणि मीठ अगदी कमी. मीठ वाढलं की हे औषध अंगात टिकत नाही."

तिने हळूच मला विचारलं, "डाक्तर कुठचा हाय?"

"पुण्याचा."

"तरीच."

पहिला घोट घेतल्यावर मात्र ती कडाडली. "आरं, ह्ये तं खारटच हाय! माजं मीठ बंद, आन तुमच्या बाटलीत मीठ?"

पण औषध लागू पडलं. तीन महिने झटका नाही. मी धक्क्यावरून छाती काढून फिरू लागलो. एक दिवस ती खिडकीशी येऊन उभी राहिली, आणि कोणाशीही भांडली नाही. मला भीतीच वाटली.

"आई येत न्हाय रं आता."

मी तिला समजावलं की ती आई नव्हतीच, मेंदूतला बिघाड होता. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"आसंल. पन आईनं यावं तरी कुठून? पाय चिखलात, हात मासलीत. डोकंच काय ते कोरडं हाय."

मी तिची बाटली भरायला घेतली.

"त्यो वास आला ना, की मला कुनाचा राग येत न्हाय. होडीवाल्याचा पन न्हाय. माज्या दादल्याला गिळला त्या दर्याचा पन न्हाय. दोन घटका न्हाय रं, दोन श्वासच. पन तेवढंच."

चैत्रात देवीची पालखी निघाली, आणि भर पालखीपुढे तिने नाक वर केलं. "चाफ्याचा वास येतोय क?" कांदे आले, नारळ तर ढिगाने आले. डॉक्टर माझ्यावर भडकले. "मिक्श्चरमध्ये पाणी घातलंस?" मी आईची शपथ घेतली. सून समोर उभी राहून औषध पाजत होती. दुसऱ्या वर्षीही पालखीलाच झटका. वर्षभर नाही, बरोबर पालखीला!

तिसऱ्या वर्षी पालखीच्या आधी मी बाटली द्यायला तिच्या घरी गेलो. बाई दाराआड बसून खारे बांगडे खात होती. एकामागून एक, अगदी औषध घेतल्यासारखी, न चुकता. सून गेली होती बाजारात.

"पालखीपुरतंच रं," ती म्हणाली. "मागारून परत अळनी."

मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्याऐवजी अटी घातल्या. पालखीचे आठ दिवस चुलीपाशी जायचं नाही, होडीत बसायचं नाही, कोयत्याला हात लावायचा नाही, आणि सुनेला सगळं सांगायचं. अर्धा तास घासाघीस करून ती कबूल झाली. पुढची कितीतरी वर्षं तिने त्या अटी पाळल्या, आणि प्रत्येक पालखीत मी तिच्या शेजारून चाललो.

शेवटी ती तापाने अंथरुणाला खिळली. पालखी चार महिने लांब होती. सून बिनमिठाची पेज भरवत होती. मला पाहून ती एवढंच म्हणाली, "पालखीपतुर काय मी ऱ्हात न्हाय."

मी समजलो. दुसऱ्या दिवशी औषधाच्या पुडीत खाऱ्या बांगड्याचा तुकडा बांधून नेला. तिने तो चोखला, डोळे मिटले.

"चाफ्याचा वास येतोय क रं?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाला "बांगड्याचा येतोय" असं उत्तर देत आलो होतो. त्या दिवशी माझ्याने देववेना.

"येतोय, मावशी."

तिने एक डोळा उघडला. "लबाड मेल्या! मला न्हाय येत आन तुला बरा येतोय?"

तिसऱ्या दिवशी ती गेली. मी परगावी होतो. आल्यावर सुनेला विचारलं, शेवटी काही बोलली का?

"बोलली ना. सकालीच होडीवाला बघाया आला व्हता. सासूनं नाक जरा वर केलान, हसली, आन त्याला म्हनाली, 'बस रं बाबा, चा घे.'"

मला रडू आवरेना. सूनही डोळे पुसत होती.

"मग? घेतला त्याने चहा?"

"कुठला! त्यो तसाच उठला आन नारल आनाया धावला."