चॉकलेटातलं खोबरं

वेल्ह्याजवळच्या पालीतून निघाले त्या दिवशी दारात टेम्पो उभा होता, बॅगा चढवून झाल्या होत्या आणि आई कुठंच दिसत नव्हती. ओटी भरायला शेजारच्या सुमनकाकू आल्या होत्या. पाट, तांदूळ, खण, शेंडीचा नारळ, सगळी तयारी पहाटे उठून आईनंच केलेली. पण वेळ आली तशी ती आत चुलीपुढं जाऊन बसली. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. विधवेनं ओटी भरू नये, भरताना समोरही येऊ नये, हे तिनं कुणी न सांगता अंगाला लावून घेतलं होतं. मी आत जाऊन हात धरला तर म्हणाली, "माजा हात नगं. चांगल्या कामाला निगालीयास, जा."

रस्त्यातलं नसरापूर येईपर्यंत मी रडत होते. लोकांना वाटलं, पोरगी परदेशाला चालली म्हणून रडते. मला राग आला होता. भाताच्या खाचरात पाय कुजवून जिनं मला नर्सिंगला पाठवलं, तिचाच हात अशुभ कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. पुढं माझ्या लग्नातही तेच झालं. मांडवात सगळ्या होत्या, आई भटारखान्यात होती.

तुम्ही जे तिकडंच राहिलात, त्यांना आयर्लंड म्हणजे नुसता बर्फ वाटतो. मी राहते त्या कॉर्क शहरात बर्फ फारसा पडत नाही. पाऊस मात्र सदाचा, पण आमच्या पावसाळी वेल्ह्याचा माणूस त्याला बिचकणार नाही. आणि जे माझ्यासारखे निघालात, त्यांना परदेशातला पहिला डिसेंबर वेगळा सांगायला नको. दुपारी चारला अंधार, शिफ्टवरून आलं की खोलीत आपलाच आवाज. माझं नशीब चांगलं, कारण मला घरमालकीण मिळाली मॉरीन. सत्तरी गाठलेली, ठेंगणी, सदा लाल स्वेटरमध्ये. त्या डिसेंबरात तिनं दार वाजवलं आणि काही न विचारता माझ्या हातात एप्रन दिला.

दर ख्रिसमसला ती अख्ख्या गल्लीसाठी खोबऱ्याची चॉकलेटं करते. ओव्हनची भानगड नाही, हे ऐकूनच माझा जीव भांड्यात पडला. सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, त्यात कंडेन्स्ड मिल्क, गोळे वळून फ्रिजमध्ये घट्ट करायचे, मग वितळलेल्या चॉकलेटात बुडवून कागदावर ठेवायचे. गोळे वळायला बसले आणि हातांना आपोआप घरचं लाडू वळणं आठवलं. मॉरीन माझ्याकडं बघतच राहिली. इतके एकसारखे गोळे तिनं आयुष्यात पाहिले नव्हते. माणसाला परक्या मुलुखात एवढं कौतुक पुरतं. पुढं लग्नानंतर मी आणि सागरनं तिच्याच गल्लीत घर घेतलं, यातच सगळं आलं.

गेल्या वर्षी मला दिवस राहिले आणि बाळंतपणासाठी आई आली. येताना घरचे तांदूळ आणि एकच ध्यास घेऊन आली: सातव्या महिन्यात लेकीची ओटी भरायची. कॅलेंडर बघून दिवस काढला तो नेमका ख्रिसमसच्या आदल्या दिवसाचा. इथल्या ओळखीच्या दोघी-तिघी मराठी बायका सुट्टीला भारतात गेलेल्या. मी म्हटलं, तू भर ना. तिनं तोंडच फिरवलं. दुकानातला गुळगुळीत, शेंडी नसलेला नारळ तर तिनं हातातही घेतला नाही. त्या दिवसांत ती खिडकीशी बसून असायची. मला काही मोठं नको होतं. माझ्या बाळाला पहिला आशीर्वाद तिच्या हातचा हवा होता, बस.

ओटीच्या दिवशी दुपारी मी तिला मॉरीनकडं नेलं. वितळलेलं चॉकलेट बघून आई म्हणाली, "एवढं पांढरंशुभ्र खोबरं, आन् त्याला काळं फासायचं व्हय?" तरी वळायला बसली. सवयीनं हात ओला केला आणि तसाच चॉकलेटच्या भांड्यावर नेला. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट फुटतं, दाणे दाणे होतात. मॉरीननं भांडं मागं ओढलं, आईचे दोन्ही हात आपल्या टॉवेलात घेतले आणि लहान पोराचे पुसावेत तसे पुसले. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठी. तासाभरात दोघी एकमेकींच्या गोळ्यांना हसत होत्या.

मग आई माझ्याकडं झुकून हळूच म्हणाली, "हिलाच सांग की. कशी लक्षुमीवानी दिसती! लाल ल्यालीया, कानात डूल हाईत. हिच्या हातनं ओटी भरू."

मी म्हटलं, "आई, तिचे घरधनी जाऊन लई वर्षं झाली."

आईचा गोळा हातातच राहिला. "आन् तरी समद्या गल्लीला गोडधोड हीच वाटती?"

"व्हय. ती दारात येईपर्यंत लोक वाट बघतात."

मॉरीननं काय चाललंय विचारलं. आईला माझ्या बाळासाठी तुझ्या हातून काहीतरी हवंय, एवढंच मी सांगितलं. ती लगेच उठली, एप्रन काढला, केस सारखे केले आणि काय करायचं ते सांग म्हणून आईपुढं उभी राहिली. आई तिच्या हातांकडं बघत होती. मग तिनं आपले हात पदराला पुसले.

"ऱ्हाऊ दे," आई मला म्हणाली. "तू बस खाली. म्याच भरते."

सोबत आणलेल्या पिशवीतून तिनं घरचे तांदूळ काढले. नारळ नव्हता. आईनं ताटातली चॉकलेटं ओंजळीत घेतली आणि म्हणाली, "आत खोबरंच हाय की." तांदळाबरोबर ती चॉकलेटं माझ्या ओढणीत पडली तेव्हा मॉरीननं टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही दोघी मायलेकी हुंदके देत होतो.

घर कुठलं, असं मला अजून विचारतात. पूर्वी मी पाली म्हणायचे आणि मनात ते बंद स्वयंपाकघर यायचं. आता उत्तर द्यायला वेळ लागतो, कारण माझ्या आईला तिचा हात परत मिळाला तो एका परक्या बाईच्या ओट्याशी. त्या बाईचे उपकार मी फेडणार नाही, फेडायची इच्छाही नाही.

माझी लेक आता रांगते. आई पालीला परतली. परवा फोनवर बोलता बोलता म्हणाली, खालच्या आळीतली एक पोर सासरी निघाली होती, तिची ओटी मी भरली.

मी विचारलं, "कुणी बघितलं?"

"समद्यांनी," आई म्हणाली. "बगू दे."