कंबर चौतीस

पत्रकावर एका गुबगुबीत माणसाचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत: वजन घटवा, हृदय वाचवा. आरोग्य शिबिरांतून ते मी नाशिकपासून येवल्यापर्यंत वाटलं. मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून वाचून दाखवलं. आज ते चित्र काढणाऱ्याचा मला राग येतो. वाटणारीचा त्याहून जास्त.

कारण घरी माझे वडील होते. शिंपी. पंचवटीतल्या एका बोळात त्यांचं दुकान. हातपाय काडीसारखे, गाल बसलेले, आणि शर्टाखाली मडकं लपवावं तसं पोट. काटा म्हणायचा, वजन बरोबर. मग काय, मी निश्चिंत! माझा सगळा मारा आईवर. ती कमरेखाली रुंद, मांड्यांनी भरलेली. तिनं दुसऱ्या पोळीला हात लावला की माझं पत्रक सुरू.

"तिला काय बोलतेस?" वडील म्हणायचे. "माझ्याकडं बघ. लग्नात कंबर चौतीस, आजही चौतीस."

"आणि हे मडकं?" आई विचारायची.

"ते पोट. कंबर वेगळी. शिंप्याला शिकवू नको."

त्यांच्या धंद्यात ते खरंच होतं. पँटचं माप घ्यायचं ते गिऱ्हाईक पट्टा बांधतं तिथं. पोट सुटत जातं तशी पँट खाली सरकते, पोटाखाली जाऊन बसते. तिथला आकडा वर्षानुवर्षं हलत नाही. आणि मी, लोकांना शहाणं करायला निघालेली, त्या चौतिसावर विश्वास ठेवून मोकळी झाले.

एका सकाळी शर्टाला कॉलर लावता लावता ते मशीनवर वाकले, ते पुन्हा उठले नाहीत. हृदय, डॉक्टर म्हणाले. मधुमेहही होता, कुणाला पत्ता नव्हता. बारीक माणसाची साखर कोण तपासतो?

पुढे एका प्रशिक्षणात मला धड समजावून सांगितलं गेलं. चरबी किती आहे एवढंच बघून भागत नाही, ती कुठं बसलीय ते बघायचं. मांड्यांवरची, नितंबांवरची त्यामानानं कमी त्रास देते. पोटाच्या आत, यकृताभोवती, आतड्यांभोवती साचलेली खरी घातकी. ती साखर बिघडवते, रक्तदाब वाढवते, हृदयाच्या मुळावर उठते. माणूस दिसायला काटकुळा असला तरी. हे त्या पत्रकात एका ओळीत मावलं असतं. एका ओळीत!

त्या दिवशी घरी येऊन मी वडिलांनी स्वतःसाठी शिवलेले शर्ट बाहेर काढले. घडी घालताना कडा जुळेनात. पुढचा भाग मागच्यापेक्षा दोन बोटं लांब.

"बेतताना चुकले का गं ते?" मी आईला विचारलं.

"ते चुकतील? पोटवाल्याला असंच बेततात. कापड पोटावर चढतं ना, मग पुढून आखूड दिसतं."

मी सगळे शर्ट पलंगावर ओळीनं मांडले. सर्वांत जुन्याच्या कडा सारख्या. मधल्यांचा पुढचा भाग एक बोट जास्त, मग दोन. शेवटच्याचा तीन. तोंडानं चौतीस म्हणत होते, पण कात्रीला सगळं माहीत होतं. आई बराच वेळ त्या तिसऱ्या बोटभर कापडावर हात ठेवून बसली.

आता शिबिरात मी पत्रक वाटत नाही. वडिलांचा टेप नेते, कडेला आकडे पुसट झालेला. परवा नांदगावला असाच एक काडीसारखा माणूस समोर उभा राहिला. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मी टेप धरला.

"ताई, कंबर खाली असते. एवढं बी नाय कळत?" तो बायकोकडं बघून हसला.

"शिंप्याच्या पोरीला शिकवू नका, काका. श्वास सोडा."

त्यानं सोडला. टेप मागून पुढं आणायला दोन्ही हात त्याच्याभोवती न्यावे लागतात. वडिलांनी अख्ख्या पंचवटीला असा टेप लावला. त्यांना कुणी लावला नाही. मी एवढी जवळ होते, रोज. एकदाच लावायचा होता, इथं, बरगडीखाली.

"किती भरलं, ताई?" काकांनी विचारलं.

मी आकडा मोठ्यानं सांगितला. त्याच्या बायकोलाही ऐकू जाईल असा.